पोवळं आणि पांगारा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी आमचं घर. घरामागच्या वईत एक पांगारा होता. माघ सरता सरता त्याची पानं झडून जायची. राखाडी खोड, फांद्यांवर आखूड काळे काटे आणि त्या काट्यांच्या वर लालभडक फुलांचे घोस. पानाचा पत्ता नाही आणि झाड पेटलेलं! साळुंक्या, कोतवाल, बुलबुल सकाळपासून तिथे भांडत असत. आम्ही पोरं त्याच्या बिया वेचायचो, दगडावर घासून तापवायचो आणि बेसावध भावंडाच्या दंडाला टेकवून पळून जायचो.

मागच्या पडवीत दादी बसलेली असे. हातात तसबीह, म्हणजे जपमाळ. तेहेतीस मण्यांची, लाल पोवळ्याची. ती तिला तिच्या आईकडून आलेली. मी एकदा विचारलं, ‘दादी, हे मणी कशाचे?’ तिने मान वर करून पांगाऱ्याकडे बोट दाखवलं. म्हणाली, ‘असलंच एक झाड दर्याच्या पोटात असतं. त्याच्या फांद्या तोडून करतात.’

मला ते पटलं. न पटायला काय झालं? रंग तोच. कॉलेजात जाईपर्यंत माझ्या डोक्यात समुद्राच्या तळाशी एक पांगारा फुललेला होता. पुढे वसतिगृहात विज्ञान शाखेचा एक मित्र मिळाला. त्याने माझी भरपूर टिंगल केली आणि सांगितलं की पोवळं हे झाड नाही, दगडही नाही; तो प्राणी आहे. सुटीत घरी आल्यावर मोठ्या तोऱ्यात मी हे दादीला सांगितलं. तिचा हात थांबला. ‘म्हणजे इतकी वर्षं मी कुणाच्या हाडांवर अल्लाचं नाव मोजतेय?’ असं म्हणून तिने तसबीह मांडीवर ठेवली. त्या संध्याकाळी ती बोटांच्या पेरांवर मोजत होती.

मला फार वाईट वाटलं. आपण काहीतरी काढून घेतलं, असं वाटलं. दादीची चूक ही तिच्या एकटीची नव्हती आणि अडाणीपणाची तर मुळीच नव्हती, हे कळायला मला आणखी बरीच वर्षं लागली. तिच्या बाजूने दोन हजार वर्षांचे पंडित उभे होते.

आपल्या शब्दांपासूनच पाहा. मराठीतलं ‘पोवळं’ संस्कृत ‘प्रवाल’ या शब्दातून आलं. या ‘प्रवाल’चे अर्थ दोन. एक पोवळं आणि दुसरा कोवळी पालवी, नवा अंकुर. पोवळ्याला दुसरा शब्द आहे ‘विद्रुम’. त्यात ‘द्रुम’ म्हणजे झाड सरळसरळ बसलेलं आहे. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात औषधांचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात पोवळ्याचं एक नाव ‘दगडी झाड’ असंच दिलं आहे. पाण्यात असताना ही वनस्पती मऊ असते, वर काढली की हवेने कडक होते, असा समज. रोमन कवी ओव्हिड याने तर याची कथाच सांगितली आहे. मेदुसा राक्षसिणीचं छाटलेलं मस्तक पाणवनस्पतींवर टेकवलं आणि त्या दगड झाल्या, तेच पोवळं.

आमच्याकडच्या फारसी परंपरेतही हाच विचार आहे, पण जरा जास्त सावधपणे मांडलेला. बाराव्या शतकात निजामी अरूजी समरकंदी या दरबारी कवीने ‘चहार मकाला’ नावाचं पुस्तक लिहिलं. चिटणीस, कवी, ज्योतिषी आणि वैद्य या चार पेशांबद्दलचं. सुरुवातीला तो सृष्टीची उतरंड मांडतो. खनिजं चढत चढत पोवळ्यापर्यंत येतात आणि तिथून वनस्पतींना सुरुवात होते. वनस्पती चढत चढत खजुरापर्यंत जातात, कारण खजुरात नर-मादी असतात, तिथून प्राणी जवळ येतात. पोवळं हा त्याच्या लेखी उंबरठा आहे, एक पाय दगडात आणि एक झाडात. उंबरठा ओळखला हे काही थोडं नाही. फक्त खोली चुकली!

अरबीत पोवळ्याला ‘मर्जान’ म्हणतात. कुराणात सूरह रहमानमध्ये मोत्याच्या जोडीने हा शब्द येतो. बहुतेक भाषांतरकार त्याचा अर्थ पोवळं करतात. काही जुने भाष्यकार बारीक मोती असाही करतात. अलीबाबाच्या गोष्टीतली हुशार मर्जिना आठवते ना? तिचं नावही यातलंच. यूनानी हकिमांकडे मर्जानचा कुश्ता मिळतो आणि आपल्या वैद्यांकडे प्रवाळभस्म. मंगळाचा खडा म्हणून अंगठीत घालणारेही आहेतच. इतक्या सगळ्यांनी ते बोटात घातलं, पोटात घेतलं, पण ते आहे तरी कोण, हे कुणी पाण्यात डोकावून पाहिलं नव्हतं.

याचं एक साधं कारण आहे. हे लाल पोवळं आपल्या समुद्रातलं नव्हेच. आपल्याकडे लक्षद्वीपला, मन्नारच्या आखातात, अंदमानात, थोडं मालवणला जे प्रवाळ आहे ते वेगळं. त्याचे खडक होतात, मणी होत नाहीत. माळेतलं लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं. सार्डिनिया, कॉर्सिका, सिसिली, ट्युनिशिया, अल्जीरिया यांच्या किनाऱ्यांवरचं. तिथून ते दोन हजार वर्षं आपल्याकडे येत होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पोवळ्याच्या एका जातीला ‘आलकंदक’ म्हटलं आहे. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी हे नाव अलेक्झांड्रियावरून आल्याचं मत मांडलं होतं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेलेला रोमन लेखक प्लिनी लिहून गेला आहे की, रोमन बायकांना हिंदुस्थानच्या मोत्यांचं जेवढं वेड, तेवढंच हिंदुस्थानातल्या लोकांना पोवळ्याचं. पहिल्या शतकातल्याच एका अनाम ग्रीक खलाशाची वाटमाहिती आजही उपलब्ध आहे. भडोच बंदरात काय खपतं याच्या यादीत त्याने दारू, तांबं, कथील, शिसं यांच्याबरोबर पोवळं नोंदवलं आहे. कल्याण आणि चौल या आपल्या बंदरांची नावंही त्यात येतात. या पुस्तकाचं नाव ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रिअन सी’. ‘एरिथ्रोस’ म्हणजे ग्रीकमध्ये लाल. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

अठराव्या शतकातला मामला तर आणखी मजेदार आहे. इतिहासकार फ्रान्चेस्का त्रिवेलातो यांनी २००९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. इटलीतल्या लिव्होर्नो शहरात एर्गास आणि सिल्वेरा नावाची ज्यू व्यापाऱ्यांची पेढी होती. ती पोवळं लिस्बनच्या वाटेने गोव्याला पाठवायची आणि बदल्यात हिरे घ्यायची. गोव्यात तिचे आडते कोण? सारस्वत कामत मंडळी. पत्रव्यवहार पोर्तुगीजमध्ये. ना एक धर्म, ना एक देश, ना एक कायदा. एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. पत्रातल्या शब्दावर हा व्यवहार वर्षानुवर्षं चालला. त्या काळात ट्युनिशियाजवळच्या ताबार्का बेटावर जिनोआचे ख्रिस्ती कोळी पोवळं काढत, तिथल्या मुसलमान राजवटीच्या परवानगीने. म्हणजे मुसलमानाच्या पाण्यातलं, ख्रिस्त्याने काढलेलं पोवळं ज्यूने विकायचं आणि सारस्वताने घ्यायचं, हे सहज घडत असणार. दादीची तसबीह याच वाटेने आली असं मी म्हणत नाही. पण कुठल्या ना कुठल्या बोटीत बसूनच ती आमच्या खाडीपर्यंत पोचली असणार.

आता पाण्यात डोकावणाऱ्यांकडे येऊ. पहिला गृहस्थ लुईजी फेर्दिनान्दो मार्सिली, बोलोन्याचा सरदार. त्याच्या आयुष्यावर कादंबरी व्हावी. १६८३ साली तो तुर्कांच्या हाती सापडला, गुलाम म्हणून विकला गेला, व्हिएन्नाच्या वेढ्यात कॉफीच्या तंबूत राबला आणि सुटून आल्यावर त्याने पुस्तक लिहिलं ते कॉफीवर! पुढे ऑस्ट्रियाच्या सैन्यात असताना एक किल्ला शरण गेल्यामुळे त्याची पदवी काढून घेतली. अपमानित सेनानी समुद्राकडे वळला. १७०६ साली मार्सेलजवळ कासी गावी त्याने कोळ्यांबरोबर जाऊन पोवळं आणलं आणि ताबडतोब समुद्राच्याच पाण्यात बुडवून ठेवलं. थोड्या वेळाने पाहतो तो लाल फांदीवर ठिकठिकाणी पांढरी फुलं उमललेली. प्रत्येकाला आठ पाकळ्या! पाण्याबाहेर काढलं की मिटतात, पुन्हा बुडवलं की उमलतात. त्याने जाहीर केलं की पोवळ्याची फुलं सापडली. विद्वान खूश झाले. झाड आहे हे सगळ्यांना ठाऊक होतंच, फुलं तेवढी दिसायची राहिली होती.

कवी म्हणून मला मार्सिलीबद्दल फार आपुलकी आहे. त्याने जे पाहिलं ते खरं होतं. आठ पाकळ्या होत्या, उमलणं होतं, मिटणंही होतं. फक्त ‘फुलासारखं’ म्हणायच्या जागी तो ‘फूल’ म्हणाला. हा आमचा रोजचा धंदा आहे. अलंकारशास्त्रात याला उपमेकडून रूपकाकडे जाणं म्हणतात आणि त्याबद्दल टाळ्या मिळतात.

दुसरा माणूस जाँ आंद्रे पेसोनेल, मार्सेलचाच वैद्य. १७२५ च्या सुमारास तो उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला आणि त्याने तीच फुलं पुन्हा पाहिली. पण तो नुसता पाहत बसला नाही. त्याने बोट लावलं, फूल आत गेलं. पाण्यात आम्ल टाकलं, आत गेलं. पाण्यातून काढून ठेवलेलं पोवळं सडलं तेव्हा त्याने नाक जवळ नेलं. वास मासळीचा होता, पाल्याचा नव्हता. त्याने लिहिलं की ही फुलं नाहीत, हे किडे आहेत. पाकळ्या हे त्यांचे पाय आहेत आणि लाल दगड हे त्यांचं घर आहे.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीत तेव्हा रेओम्यूर या शास्त्रज्ञाचा दबदबा होता. त्याला हे इतकं हास्यास्पद वाटलं की १७२७ साली त्याने पेसोनेलच्या मताचं खंडन केलं, ते त्याचं नाव न घेता. का? तर बिचाऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून! हा चांगुलपणा मला फार बोचतो. विरोध परवडतो, पण नाव गाळलं की माणूस वादातूनच नाहीसा होतो. पेसोनेल पुढे सरकारी वैद्य म्हणून कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर निघून गेला.

मग १७४० मध्ये हॉलंडात शिकवणीला असलेल्या आब्राम त्रांब्ले नावाच्या तरुण मास्तराला डबक्यात एक हिरवा धागा सापडला. वनस्पतीसारखा चिकटून राहणारा. दोन तुकडे केले तर दोन जीव होणारा, म्हणजे झाडाच्या कलमासारखाच. पण तो चालतो, हातांनी भक्ष्य पकडतो आणि गिळतो. तो होता हायड्रा. हे पाहिल्यावर रेओम्यूर हबकला. बेर्नार द ज्यूसियू हा वनस्पतिशास्त्रज्ञ मुद्दाम समुद्रकिनाऱ्यावर जाऊन खात्री करून आला. १७४२ साली रेओम्यूरने आपल्या कीटकांवरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत पेसोनेलचं म्हणणं मान्य केलं आणि या वेळी नावही घेतलं. पेसोनेलने १७५१ मध्ये ग्वादलूपहून आपलं हस्तलिखित लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलं आणि तिथे त्याचा सारांश छापून आला. पंचवीस वर्षं निघून गेली होती.

आणि आता आमचा पांगारा. स्वीडनच्या लिनिअसने १७५३ साली वनस्पतींच्या नावांचा आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला. लाल फुलांच्या या काटेरी झाडांच्या कुळाला त्याने ‘एरिथ्रिना’ म्हटलं. तोच ‘एरिथ्रोस’, तोच लाल. त्यातल्या एका जातीचं नाव ठेवलं ‘कोरालोडेंड्रॉन’, म्हणजे पोवळ्याचं झाड. हा शब्द त्याचा नव्हे; फ्रान्सच्या तूर्नफोरने त्याच्याही आधी तो वापरला होता. कॅरिबियन बेटांवरचं झाड आणि आपल्याकडचा पांगारा ही दोन्ही लिनिअसने तेव्हा एकाच जातीत टाकली होती. आज पांगाऱ्याला ‘एरिथ्रिना व्हेरिगाटा’ म्हणतात. पाचच वर्षांनी, १७५८ साली त्याच लिनिअसने प्राण्यांच्या यादीत पोवळं घातलं. पण मनातून त्याला ते झाड सुटत नव्हतं. अशा जीवांचं खोड वनस्पतीचं आणि फूल प्राण्याचं, असं तो पुढेही म्हणत राहिला. म्हणजे युरोपात पोवळ्याचं झाडपण ज्या दशकात गेलं, त्याच दशकात झाडाच्या नावात पोवळं कायमचं जाऊन बसलं.

आपल्याकडे पांगाऱ्याला नावांची ददात नव्हती. अमरकोशात त्याला पारिभद्र म्हटलं आहे. मंदार आणि पारिजातक हीही तिथे त्याचीच नावं. आज पारिजातक म्हटलं की आपल्याला पहाटे गळणारी नाजूक फुलं आठवतात, ते निराळं झाड. मलबारात त्याला मुरिक्कू म्हणतात. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याच्या ‘होर्तुस मलाबारिकुस’च्या सहाव्या खंडात त्याच नावाने त्याचं चित्र आहे. या ग्रंथाच्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र १६७८ च्या पहिल्या खंडात छापलेलं आहे. लॅटिन ग्रंथात आपली अक्षरं अशी अचानक भेटली की बरं वाटतं.

झाडासारखा प्राणी आणि प्राण्याच्या नावाचं झाड यांच्यात रंगाशिवाय काही साम्य आहे का? आहे, आणि ते जुन्या पंडितांना दिसणं शक्यच नव्हतं. खडक बांधणाऱ्या प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि घरमालकाला देतात. म्हणजे प्राण्याच्या पोटात वनस्पती निघालीच! (माळेतल्या लाल पोवळ्यात मात्र ही शैवालं नसतात. ते अंधाऱ्या कपारीत राहतं आणि वाहत्या पाण्यातलं टिपून खातं.) पांगाराही असाच पाहुण्यांवर जगतो. त्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्रवायू त्याला पचवून देतात. म्हणूनच पानमळ्यात वेलाला आधार म्हणून पांगारा लावतात, जमीन खराब होत नाही. पांगाऱ्याची मेढ रोवली की झाड होतं. प्रवाळाचा तुकडा खडकाला चिकटला की नवी वसाहत होते. आणि पांगारा हे मुळात किनाऱ्याचं झाड. त्याच्या बिया खाऱ्या पाण्यावर तरंगत दूर जातात. प्रवाळ-वाळूच्या बेटांवर ही दोघं खरोखर शेजारी आहेत, एक पाण्याखाली आणि एक पाण्यावर.

दोघांवरची संकटंही लागोपाठ आली. १९९८ साली समुद्राचं पाणी तापलं. पाणी एक-दोन अंशांनी जास्त तापून तसंच राहिलं की प्रवाळातली शैवालं निघून जातात आणि प्रवाळ पांढरं पडतं. लवकर थंडावा आला तर वाचतं, नाहीतर उपाशी मरतं. त्या वर्षी लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातात तेच झालं. पुन्हा २०१० ला, पुन्हा २०१६ ला. भूमध्य समुद्रातलं लाल पोवळं १९९९ आणि २००३ च्या उन्हाळ्यांत मोठ्या प्रमाणावर मेलं. त्याआधी शतकानुशतकं लाकडी क्रूसाला जाळी बांधून तळ खरवडला जात होता. युरोपने त्यावर बंदी घातली ती १९९४ मध्ये. आपल्याकडे २००१ पासून खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीत.

पांगाऱ्यावर आली ती मुंगीहूनही लहान गांधीलमाशी. २००४ साली शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं. ती कोवळ्या पानात अंडी घालते, पान गाठींनी सुजतं, झाड फुलेनासं होतं आणि वाळतं. २००५ मध्ये ती हवाई बेटांवर पोचली. त्याच सुमारास ओकिनावातही पोचली. तिथे पांगाऱ्याचं फूल हे प्रांताचं फूल आहे आणि भोवताली प्रवाळाचा समुद्र. मग केरळ. तिथे मिरीचे वेल पांगाऱ्यावर चढवलेले असतात; आधारच मेला तर वेल कुठे जाईल? हवाईत २००८ साली त्या माशीची शत्रू असलेली दुसरी माशी आफ्रिकेतून आणून सोडली, तेव्हा तिथली झाडं थोडी सावरली.

लाल पोवळ्याची फांदी आडवी कापली तर तिच्यात झाडासारखी वर्तुळं दिसतात, वर्षाला एक. जाडी वाढते वर्षाला पाव मिलिमीटरच्या आसपास. तसबीहचा मणी मी एकदा फूटपट्टीवर ठेवून पाहिला. सहा मिलिमीटर. म्हणजे एकेका मण्यात वीस-पंचवीस वर्षं. आणि मणी तेहेतीस.

दादीने ती तसबीह टाकली नाही. पंधरा-वीस दिवस ती बोटांवर मोजत राहिली आणि मग एके दिवशी माळ पुन्हा तिच्या हातात दिसली. मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, ‘जनावर तर जनावर. त्याचाही हिशेब व्हायला हवा ना!’ आणि पहिला मणी ओढला.

वईतला तो पांगारा एका वादळात पडला. भावाने त्याची मेढ पलीकडच्या बांधावर रोवली होती, ती आता छपराएवढी झाली आहे. पावसाळ्यात गावी गेलो की मी त्याची कोवळी पानं उलटून पाहतो. यंदा गाठी दिसल्या नाहीत.